शेवरवाडीची मुकी घंटी

"ऐकू येत न्हाई म्हणून सांगून टाक की एकदा. आमी दुसरा माणूस बगू," सरपंच व्यंकटराव पोस्टाच्या दारात चपला न काढताच उभे होते. "परवा जावायानं तीनदा फोन लावला. तीनदा. वालूरचा ऑपरेटर सांगायलाय, घंटी दिली, उचललं न्हाई कुणी. आन तू इथंच बसलेला."

ग्यानबा टपालाची थैली सोडत होता. सुतळीच्या गाठीवर त्याची बोटं थांबली. तो व्यंकटरावांच्या तोंडाकडे बघू लागला.

शेवरवाडीचं पोस्ट म्हणजे पोस्टमास्तर दिनकररावांच्या घराची रस्त्याकडची खोली. टेबल, लोखंडी पेटी, भिंतीवर तारखांचं कॅलेंडर, आणि खिडकीच्या बाजूला सागवानी पाटीवर बसवलेला फोन. लाकडी पेटी, उजव्या अंगाला फिरवायचं हँडल, वर दोन वाट्यांसारख्या घंट्या झाकणाच्या आत. फोन येऊन सहा वर्षं झाली होती. तो सगळ्या गावाचा एकच होता, शिवाय आसपासच्या दोन वस्त्यांचाही. ग्यानबा सकाळी टपाल वाटायचा आणि दहा ते चार फोनपाशी बसायचा. फोन आला की ज्याचा असेल त्याला बोलवायला धावायचा. चौपन्न वर्षांचा माणूस, पण कुणाच्या मळ्यात जायला कुठल्या बांधावरून जवळ पडतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"थांबा व्यंकटराव," दिनकरराव म्हणाले. त्यांनी उठून हँडल फिरवलं, रिसिव्हर कानाला लावला, वालूरच्या ऑपरेटरशी दोन वाक्यं बोलले आणि ठेवून दिलं. त्यांचा चेहरा पडला. "आवाज तर खणखणीत हाय. फोन चांगला हाय, ग्यानबा."

"मग झालं तर," व्यंकटराव म्हणाले.

ग्यानबानं थैली खाली ठेवली. "घंटी वाजली न्हाई, मालक. सोमवारपासून एकदाबी वाजली न्हाई."

"तुला काय ठाव? तुला ऐकू येतंय का?"

"न्हाई येत," ग्यानबा म्हणाला.

ही गोष्ट ग्यानबानं दोन वर्षं कुणाला कळू दिली नव्हती, अगदी बायकोलाही सांगितली नव्हती. रिसिव्हर कानाला दाबून धरला की त्याला बोलणं समजे. समोरचा माणूस तोंडासमोर बोलला की समजे. पण लांबचं सगळं गेलं होतं. पाखरं गेली, बैलाच्या गळ्यातले घुंगरू गेले, आणि घंटीही गेली.

"घंटी मला कानानं लागत न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "पाठीला लागती. म्हणून स्टूल मी पाटीला भिडवून ठेवलाय. घंटी वाजली की पाटी थरथरती, मला लगीच कळतंय. दोन वर्सात एक फोन चुकवला न्हाई, मास्तर. पण सोमवारपासून पाटी गप हाय."

दिनकररावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे पाहिलं. स्टुलाच्या मागे सागवानाच्या पाटीवर एक गुळगुळीत, तेलकट गोल पडला होता. माणसाची पाठ जितकी रुंद, तितका. रोज समोर बसूनही त्यांच्या तो कधी लक्षात आला नव्हता.

त्यांनी पुन्हा हँडल फिरवलं. "ऑपरेटर साहेब, आमी फोन ठेवतो. तुमी इकडं जोरात घंटी द्या. द्या म्हणजे द्याच."

रिसिव्हर खाली ठेवला गेला. तिघंही पेटीकडे बघत राहिले. बाहेर रस्त्यावर कुणाची तरी बैलगाडी गेली. शेजारच्या घरात कुणीतरी जातं ओढत होतं. पेटीतून टिंग एवढाही आवाज आला नाही. दिनकररावांनी पन्नासपर्यंत आकडे मोजले आणि रिसिव्हर उचलला. "दिली का?" त्यांनी विचारलं. पलीकडचा आवाज एवढा चढलेला होता की तो व्यंकटरावांनाही ऐकू आला. "दहादा दिली. हात दुखला माझा."

व्यंकटरावांनी चपला काढल्या, आत आले आणि बाकावर बसले.

"लाइनमनला खबर द्यायला सांगतो," दिनकरराव म्हणाले. ते पुन्हा बोलले आणि ठेवताना त्यांचा आवाज बदलला. "शनिवारशिवाय येत न्हाई. जिंतूरच्या अंगाला खांब पडलेत."

"आज अकरा तारीख, मास्तर," ग्यानबा म्हणाला.

दिनकररावांनी कपाळाला हात लावला.

अकरा तारीख गावातल्या निम्म्या लोकांना पाठ होती. मेंढरांवाल्या वस्तीतल्या म्हाळसाबाईचा मुलगा अंगद पलटणीत होता. मागच्या आठवड्यात त्याचं अंतर्देशीय पत्र आलं होतं आणि ते ग्यानबानंच तिला वाचून दाखवलं होतं. पलटण उत्तरेकडून दक्षिणेला निघाली होती. लष्कराची स्पेशल गाडी औरंगाबादवरून, आपल्याच जिल्ह्यातून जाणार होती. सुट्टी मिळणार नव्हती. पण इंजिन पाणी घ्यायला एकतर सेलूला थांबेल नाहीतर परभणीला, हे औरंगाबादला गेल्याशिवाय कळणार नव्हतं. 'अकरा तारखेला औरंगाबादहून फोन करतो. जिथं थांबंल तिथं या. पोरीला घेऊन या,' असं अंगदनं लिहिलं होतं. त्याची पोरगी चार महिन्यांची झाली होती आणि त्यानं तिला अजून पाहिलं नव्हतं.

सेलू मावळतीला आणि परभणी उगवतीला. चुकीच्या स्टेशनावर जाऊन बसलं तर दुसरं गाठायची सोय नव्हती.

दिनकरराव टेबलावर बोटं वाजवत होते, तेवढ्यात म्हाळसाबाई दारात आलीच. हिरवं लुगडं, डोक्यावरचा पदर नीट घेतलेला, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. मागे सून कस्तुराबाई होती, कडेला टोपडं घातलेली पोरगी. दोघी वस्तीवरून चालत आल्या होत्या. म्हाळसाबाईचं तोंड उन्हानं आणि आनंदानं लाल झालं होतं.

"ग्यानबा भाऊ, आला का फोन?" ती म्हणाली. "आमी उगंच लवकर आलो. घरात बसवतच न्हाई. ही तर राती झोपलीच न्हाई," तिनं सुनेकडे बोट केलं. कस्तुराबाई हसून भिंतीकडे वळली.

ग्यानबानंच सांगितलं. जे होतं ते सरळ सांगितलं. घंटी मेली आहे, फोन बोलतो पण हाक मारत नाही.

"म्हणजे ह्यो बोलवंल आन आपल्याला कळणार न्हाई?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"तसं व्हायचं न्हाई," ग्यानबा म्हणाला. कसं, हे त्याला अजून माहीत नव्हतं.

पहिल्यांदा व्यंकटरावांनी सोपा मार्ग काढला. रिसिव्हर उचलून कानाला लावूनच बसायचं. ऑपरेटरनं तो ताबडतोब मोडून काढला. लाईन धरून ठेवली तर वरून येणारा ट्रंक कॉल लागणारच नाही, औरंगाबादला 'बिझी' कळेल. बरं, दर पाच मिनिटांनी हँडल फिरवून विचारावं, तर पेटीतले सेल आधीच उतरलेले. आवाज सकाळपेक्षा बारीक झाला होता. ऐन वेळी बोलायलाच ताकद उरली नाही तर काय करायचं? "मला ठाऊक हाय आज अंगदचा फोन येणार," ऑपरेटर म्हणाला. "आला की घंटी देतो. पण एका मिनिटाच्या वर माझ्या हातात न्हाई. तुमी उचललं न्हाई तर तिकडचा माणूस तोडतो आन पुढच्याला लावतो."

"एक मिनिट," दिनकरराव रिसिव्हर ठेवत म्हणाले.

ग्यानबा कामाला लागला. तो आधी बाहेर गेला. खिडकीखाली जमिनीत गाडलेली अर्थिंगची सळई होती, तिच्या बुडाला त्यानं घागरभर पाणी ओतलं. खांबावरून येणाऱ्या दोन तारा खिडकीशी जिथं पांढऱ्या चिनी मातीच्या ठोकळ्यावर पितळी स्क्रूंना बांधल्या होत्या, तिथला हिरवा गंज त्यानं वाळूकागदानं घासून काढला. आत येऊन त्यानं पेटीच्या चारी बाजूंना हात फिरवला. झाकणाला खात्याचं शिशाचं सील होतं.

"हे फोडू नगंस बाबा," दिनकरराव म्हणाले. "माझी नौकरी जाईल आन तुझीबी. बाकी काय करायचं ते कर."

"द्यायला लावा घंटी," ग्यानबा म्हणाला.

ऑपरेटरनं घंटी दिली. ग्यानबानं दोन्ही तळवे पेटीवर पसरले, मग कपाळ टेकवलं. काहीच नाही. लाकूड नुसतं थंड होतं.

"वालूरहून तरी निघतंय का न्हाई कुणाला ठाव," व्यंकटराव म्हणाले. "तारच तुटली असंल कुठंतरी."

"तार तुटली तर बोलणं कसं होतंय?" दिनकरराव म्हणाले.

ग्यानबाला त्यांचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. तो खिडकीशी उभा राहून चिनी मातीच्या ठोकळ्याकडे बघत होता. मागं एकदा लाइनमन खांबावरून उतरला होता, तेव्हा त्यानं एक गंमत दाखवली होती. ओल्या दोन बोटांनी हे दोन स्क्रू धरायचे आणि वालूरला घंटी द्यायला सांगायचं. 'एकाच हाताची बोटं लाव. दोन हात लावलेस तर काळजातून जाईल,' असं तो म्हणाला होता, आणि ग्यानबाचा हात झटक्यानं मागे आलेला बघून हसला होता.

"पुन्हा द्यायला लावा," ग्यानबा म्हणाला. त्यानं तांब्यात बोटं बुडवली. पहिलं बोट एका स्क्रूवर, मधलं बोट दुसऱ्यावर. डावा हात पाठीमागं धरला.

क्षणभरानं त्याचं कोपर उडालं. काळ्या इंगळीनं नांगी मारावी तशी कळ मनगटातून वर गेली, थांबली, पुन्हा गेली. ग्यानबानं बोटं काढली नाहीत. तो वळला तेव्हा त्याचं तोंड फुललं होतं.

"येतंय, मास्तर. घंटी इथवर येतीय. तार चांगली हाय, वालूर चांगलं हाय. पेटीत शिरली की अडकतीय." त्यानं हात वर करून झटकला. "आता येऊ द्या अंगदचा फोन. मी हितंच बसतो."

"हात लावून?" दिनकररावांनी विचारलं. "कवापर्यंत?"

"येईपर्यंत."

त्यांनी स्टूल खिडकीशी ओढलं. ग्यानबा बसला, उजवा हात ठोकळ्यावर, बोटं स्क्रूंवर. सव्वा अकरा वाजले होते. बातमी गावात पसरली आणि माणसं यायला लागली. कुणी ओट्यावर बसलं, कुणी रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली. कस्तुराबाई पोरीला घेऊन कोपऱ्यात बसली होती. म्हाळसाबाई मात्र बसायला तयार नव्हती. ग्यानबाची बोटं वाळू नयेत म्हणून ती तांब्या घेऊन शेजारी उभी राहिली आणि थोड्या थोड्या वेळानं दोन थेंब सोडत राहिली. एवढी काळजी तिनं देवाला पाणी घालतानाही घेतली नसती.

"लय दुखतंय का, भाऊ?" ती अधूनमधून विचारी.

"आलाच न्हाई तर दुखंल कसं?" ग्यानबा म्हणे, आणि सगळे हसत.

बारा वाजायला आले असताना त्याचा हात उडाला.

"आला," तो म्हणाला. ओट्यावरची माणसं उभी राहिली. दिनकररावांनी झडप घालून रिसिव्हर उचलला. म्हाळसाबाईच्या हातातून तांब्या कलंडला. दिनकररावांनी ऐकलं, आणि रिसिव्हर व्यंकटरावांपुढे धरला.

"तुमचे जावाई."

व्यंकटराव उठले. गेले चार दिवस ते या फोनसाठी पेटले होते. जावयाचा नांदेडला जागेचा व्यवहार चालला होता, आणि त्यांना आधी दोन शब्द सांगायचे होते. त्यांनी रिसिव्हर घेतला, एकदा म्हाळसाबाईकडे पाहिलं. "बापू, मी व्यंकटराव बोलायलोय. संध्याकाळी बोलू. न्हाई, आता न्हाई. लाईन मोकळी करा. ठेवा म्हणतो ना." त्यांनी रिसिव्हर आपटलाच. मग कुणाकडे न बघता म्हणाले, "जीप दारात आणून ठेवतो. कुठंबी जायाचं असू द्या, तयार असलेली बरी."

ते जीप घेऊन परत आले, तेव्हा ग्यानबाचं मनगट थरथरत होतं. "तू ऊठ घटकाभर," व्यंकटराव म्हणाले, "मी धरतो." त्यांनी बाही सारली, बोटं ओली केली आणि स्क्रूंवर ठेवली. दिनकररावांनी खात्री करायला ऑपरेटरकडून एक घंटी मागवली. व्यंकटराव असे उडाले की मागचा बाक आडवा झाला. बाहेरची माणसं पोट धरून हसली. व्यंकटरावही हसले, हात चोळत.

"तुमी फोनवर बोलायला बरे, मालक," ग्यानबा म्हणाला आणि पुन्हा जागेवर बसला. "ह्ये माझंच काम हाय."

एक वाजला. दीड वाजला. पोरगी रडून झोपली. दिनकररावांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, ताटात भाकरी आणली. ग्यानबानं डाव्या हातानं दोन घास खाल्ले, उजवा हलवला नाही. माणसांची बोलणी हळूहळू कमी झाली. पहिल्या फोनाच्या वेळी जी धांदल उडाली होती ती आठवून आता सगळे आपापली जागा ठरवून बसले होते. रिसिव्हर कोण उचलणार, पोरीला कोण घेणार, गाठोडं कोण उचलणार. ग्यानबाच्या तोंडाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. सहा वर्षं लोक या पेटीकडे बघत आले होते. आज पेटीकडे कुणी बघतच नव्हतं.

पावणेदोनला ग्यानबाचा खांदा ताठ झाला. त्यानं नुसती मान हलवली.

दिनकररावांनी उचललं. "शेवरवाडी. हो. हो. बोला, बोला. म्हाळसाबाई, घ्या. अंगद हाय."

म्हाळसाबाईनं रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. "अंगद," ती म्हणाली. मग पुन्हा "अंगद." त्यानंतर तिला बोलताच येईना. ती नुसती उभी राहिली आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. पलीकडून बारीक आवाज येत होता, तिकडे गाडीची शिटी होत होती, आणि एकेक क्षण जात होता. दिनकररावांनी हात पुढे केला, तिनं दिला नाही. शेवटी ग्यानबा उठला. त्यानं हळूच तिच्या मुठीवर आपली ओली मूठ ठेवली आणि रिसिव्हर आपल्या कानाशी वळवला.

"अंगद, मी ग्यानबा काका. सेलू का परभणी, येवढं सांग."

ग्यानबानं डोळे मिटून घेतले होते, कान रिसिव्हरवर इतका दाबला होता की कानाची पाळी पांढरी पडली.

"सेलू," तो मोठ्यानं म्हणाला. "पाच वाजता. बरं. पाठीमागून तिसरा डबा. बरं. किती येळ? पंधरा मिनिटं. आणतो. आणतो म्हणून सांगितलं ना, पोरीला घेऊनच येतात. तू दारात उभा राहा."

लाईन तुटली.

पुढचं सगळं एका दमात झालं. कस्तुराबाई पोरीला उराशी धरून धावत जीपमध्ये चढली, म्हाळसाबाईला लोकांनी वर चढवलं, गाठोडं खिडकीतून आत गेलं. व्यंकटरावांनी गाडी सुरू केली आणि डोकं बाहेर काढलं. "ग्यानबा, चल तूबी."

"फोन कोण बघंल? चार वाजायचेत अजून," ग्यानबा म्हणाला.

जीप धुरळा उडवत मावळतीच्या रस्त्याला लागली. माणसं तिच्यामागं वेशीपर्यंत गेली, पोरंटोरं त्याच्याही पुढं. ग्यानबा परत खोलीत येऊन बसला आणि त्यानं पहिल्यांदा आपली दोन बोटं उलटसुलट करून पाहिली. शेंड्यांना बधिरपणा होता. तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

सेलूला काय झालं ते त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी टपाल वाटताना कळलं. म्हाळसाबाईनं त्याला अंगणात बसवून पहिल्यापासून सांगितलं. ती तोंडासमोर बसून सावकाश बोलत होती. गाडी पाचला नाही, साडेपाचला आली. अंगद डब्याच्या दारात उभा होता आणि गाडी थांबायच्या आधीच त्यानं उडी मारली. पोरीला हातात घेतलं तेव्हा ती रडली नाही, त्याच्या मिशीकडे बघत राहिली. मग डब्यातल्या जवानांनी तिला मागितलं. एकानं घेतलं, त्यानं दुसऱ्याला दिलं. कुणी पंजाबचा, कुणी कुठला, कुणाची भाषा समजत नव्हती. खिडकीतून आत गेलेली पोर डबाभर फिरून दुसऱ्या खिडकीतून बाहेर आली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या टोपड्यात बिस्किटं होती.

"शिटी झाली तरी एक सरदारजी सोडायला तयार न्हवता," म्हाळसाबाई म्हणाली. "त्याचीबी तेवढीच असंल घरी. गाडी हलल्यावर अंगद चढला. हात हालवला न्हाई त्यानं. नुसता बघत ऱ्हायला." ती थांबली. "लाडू तेवढे द्यायचे ऱ्हायले बगा. गाठोडं तसंच जीपमधी."

तिनं तेच गाठोडं ग्यानबापुढे ठेवलं.

शनिवारी लाइनमन आला. त्यानं सील तोडलं, झाकण उघडलं आणि हसला. दोन वाट्यांच्या मधोमध जो बारीक ठोका हलायचा, त्याच्याभोवती कुंभारमाशीनं अंगठ्याएवढं मातीचं घर बांधलं होतं. हँडलच्या फटीतून ती आत जात असावी. ठोका मातीत पक्का रुतला होता. लाइनमननं पेचकसानं माती उकरली, आतून वाळलेले कोळी खाली पडले. त्यानं फुंकर मारली आणि वालूरला घंटी द्यायला सांगितलं.

ग्यानबा खोलीच्या मधोमध उभा होता. दिनकररावांनी मान वर केली, लक्ष्मीबाई आतून दारात आल्या, रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून खिडकीकडे बघून हसला. सगळे चेहरे एकाच वेळी पेटीकडे वळलेले त्यानं पाहिले.

"वाजली?" त्यानं विचारलं.

"वाजली," दिनकरराव म्हणाले.

"चांगली वाजली?"

"लय चांगली. मागल्यापेक्षा चांगली."

लाइनमन गेल्यावर ग्यानबा टेबलासमोर येऊन उभा राहिला. "मास्तर, खात्याला लिहून कळवा. फोनपाशी दुसरं माणूस घ्या. टपाल मी वाटीन, पाय चांगले हायत माझे."

"काहून?" दिनकरराव म्हणाले. "कुणी काय बोललं का तुला? व्यंकटराव तर गावभर तुझी तारीफ करत फिरायलेत. दोन वर्सं चाललं तसं चालंल की."

"पाटी सोमवारी गप झाली. मला सोमवारीच कळलं हुतं," ग्यानबा म्हणाला. "चार दिस मी बोललो न्हाई. बोललो तर कान उघडे पडतील म्हणून भ्यालो. व्यंकटराव भांडायला आले म्हणून तोंडातून निघालं." त्यानं गळ्यातली पोस्टाच्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "अंगदचा फोन त्या चार दिसात आला असता, तर म्हाळसाबाईला मी काय सांगितलं असतं?"

दिनकररावांनी किल्ली उचलून टेबलाच्या खणात ठेवली.

पुढच्या महिन्यापासून पोस्टाच्या मागच्या घरातली तानुबाई फोनपाशी बसू लागली. चौथी शिकलेली, आवाजानं खणखणीत बाई. ग्यानबा दिवसभर टपाल घेऊन फिरायचा. त्याचं ऐकणं त्या हिवाळ्यात आणखी उतरलं. आता तोंडासमोरचंही दोनदा सांगावं लागे.

चैत्रात एके दिवशी तो वरच्या गल्लीत पत्रं वाटत असताना तानुबाई धापा टाकत आली. हाका मारून उपयोग नाही हे ठाऊक असल्यानं तिनं त्याच्या दंडाला धरलं. "फोन हाय," ती त्याच्या तोंडासमोर म्हणाली.

"कुणाला बोलवायचंय?" ग्यानबानं विचारलं. कुणी लांबच्या मळ्यातलं असेल आणि तिला वाट ठाऊक नसेल, असं त्याला वाटलं.

"तुमालाच."

सहा वर्षं त्यानं सगळ्या गावाला त्या फोनवर बोलावून आणलं होतं. त्याला स्वतःला कुणी कधी फोन केला नव्हता. तो तानुबाईच्या पुढे चालत आला, पोस्टाच्या दारात चपला काढल्या, धोतराला हात पुसले आणि रिसिव्हर उचलला.

अंगद होता. लांबून कुठून तरी, आणि आवाजात घाई. 'काका' एवढं ग्यानबाला लागलं. मग 'सुट्टी' लागलं, मग पोरीचं नाव. बाकीचं वाऱ्यावर उडालेल्या पाचोळ्यासारखं येत होतं आणि जात होतं. त्यानं रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावून पाहिला, पुन्हा पहिल्याला लावला. दिनकररावांच्या लक्षात आलं. मी ऐकून सांगतो, अशी खूण करत त्यांनी हात पुढे केला. ग्यानबानं मान हलवली आणि रिसिव्हर सोडला नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मधे मधे "हां" म्हणत होता, एकदा हसलाही.

तीन मिनिटं झाली. आवाज थांबला. मग त्यानं रिसिव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.

"काय म्हणाला?" दिनकररावांनी त्याच्यासमोर येऊन विचारलं.

"लय बोलला," ग्यानबा म्हणाला. त्यानं थैली खांद्याला अडकवली. वरच्या गल्लीतली दोन पत्रं अजून राहिली होती.